माझी जबानी, तिच्या तोंडून

सुनेच्या वकील बाईंनी मला जबानीला बोलावलं तेव्हा मुलाला वाटलं, मी घाबरेन. मी एसटीत तीसेक वर्षं स्टेअरिंग धरलेलं आहे. भर उतारावर ब्रेक गेलेली गाडी बांधाला घासून उभी केली, तेव्हा आतल्या एका म्हातारीच्या मांडीवरची अंडीसुद्धा फुटली नव्हती. मी त्याला एवढंच विचारलं, "कधी जायचं? धोतर नेसू का पँट घालू?"

"पँट, बाबा."

"धोतरात खरं बोलता येत नाही काय?"

तो हसला नाही. त्या दिवसांत तो हसतच नव्हता.

मुलगा आणि सून वेगळे झाले होते. चूक कोणाची, ते मला आजही सांगता येणार नाही. मला विचाराल तर दोघंही चांगले, पण चांगली माणसं एका घरात मावतातच असं नाही. सून इथं अमेरिकेत, आमच्याच अर्विंग गावात जवळ दुसरं अपार्टमेंट घेऊन राहू लागली. सात वर्षांची माझी नात एक आठवडा आमच्याकडं, एक आठवडा आईकडं. तिच्या आईच्या आठवड्यात मी फ्रीजमधलं दूध नासवायचो, कारण ते पिणारं कोणी नसायचं आणि आणायची सवय सुटत नव्हती.

अशात सुनेला दूर सनीव्हेलला, विमानानं जावं लागेल अशा गावी, मोठी नोकरी लागली. तिला पोरगी घेऊन तिकडं जायचं होतं. मुलगा म्हणाला, नाही, माझी मुलगी इथंच राहील. ते कोर्टात गेलं. इथं कोर्टात उभं राहण्याआधी साक्षीदाराला वकिलाच्या ऑफिसात बसवून, शपथ घालून सगळं विचारून घेतात. त्याला डिपॉझिशन म्हणतात. मी जबानी म्हणतो. आणि माझ्या मुलाच्या बाजूचा मुख्य खांब मीच होतो. पोरगी शाळेतून आली की घरात आजोबा असतात, गरम पोळी मिळते, मराठी कानावर पडतं. सनीव्हेलला ती पाळणाघरात बसेल. मुलाच्या वकिलाचं सगळं बोलणं याच्यावर उभं होतं.

वकील तरुण होता, टाय लावलेला, सभ्य. त्यानं मुलाकरवी मला पढवलं. विचारतील तेवढंच बोलायचं. हो, नाही, माहीत नाही, आठवत नाही. गोष्टी सांगायच्या नाहीत.

"आणि बाबा," मुलगा बुटांकडं बघत म्हणाला, "तुम्ही इथंच राहणार का, असं विचारतील. तुम्ही कायमचे इथं असाल तरच आपल्या म्हणण्याला अर्थ आहे."

"मग हो म्हणीन."

"नक्की?"

"म्हटलं ना."

बायको गेल्यावर मुलानं मला इकडं आणलं, तेव्हा नात रांगत होती. तेव्हापासून मी कोणाजवळ कधी म्हणालो नाही की मला गावाकडं जायचंय. इथल्या पार्कात बाकावर म्हातारे बसतात, ते सगळे दरवर्षी म्हणतात, यंदा जाणारच. मला तो रडेपणा आवडत नाही. मी म्हणायचो, "मी पोराला गरज आहे म्हणून राहिलोय. माझं काय, मी कुठंही राहीन." असं म्हणताना छाती भरून यायची. ते ऐकून बाकीचे गप्प व्हायचे, त्याचंही बरं वाटायचं.

जबानीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि मध्ये पाण्याच्या बाटल्या. एका कडेला एक बाई छोटं यंत्र घेऊन बसली होती. आपण बोलायचं आणि तिनं ते टिपायचं. हातांकडं न बघता, हार्मोनियमवाल्यासारखी बोटं चालायची तिची. समोर सुनेच्या वकील बाई, पांढऱ्या केसांच्या, चष्मा साखळीला. त्यांच्या शेजारी सून.

सुनेला मी कित्येक महिन्यांनी जवळून बघत होतो. पोरीला सोडायला यायची तेव्हा गाडीतूनच हात करायची. वाळली होती. मी बसलो तसं तिनं विचारलं, "बाबा, बीपीची गोळी घेतली ना?"

तिच्या वकील बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

माझ्या एका बाजूला मुलगा आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूच्या खुर्चीत दुभाषी पोरगी बसली होती. बोलण्यावरून पुण्याकडची वाटली. वय सुनेएवढंच. तिनं आधीच बजावलं, "काका, मी तुमच्याशी वेगळं काही बोलू शकत नाही हं. त्या इंग्रजीत विचारतील ते मी मराठीत सांगणार, आणि तुम्ही या खोलीत जे जे बोलाल, ते सगळं मी इंग्रजीत सांगणार."

"समजलं."

"आणि मान हलवून चालणार नाही. तोंडानं बोलायचं. मान लिहिता येत नाही त्यांना."

यंत्रवाल्या बाईनं मला उजवा हात वर करायला लावला. मी विचारलं, "हात कशावर ठेवू?" कशावर नाही म्हणे, नुसता वर. मला ते हलकं वाटलं. पण हात वर असताना पलीकडं सून दिसत होती, आणि मला कळलं की कशावर तरी ठेवलेला हात बरा, तो थरथरला तरी दिसत नाही.

सुरुवात सोपी होती. नाव, वय, शिक्षण. "चौथी," मी म्हणालो, "पाचवीत मास्तरानं मारलं म्हणून सोडली." मुलाच्या वकिलानं घसा खाकरला. गोष्टी सांगायच्या नव्हत्या.

मग पोरीचं. सकाळी कोण उठवतं? आमच्या आठवड्यात मी. डबा कोण करतं? मी. काय करता? पराठा, नाही तर सांजा. ती खाते का? नाही, परत आणते, मग मी खातो. सुनेच्या तोंडावर हसू येऊन गेलं. तिच्याकडचाही डबा तसाच परत येत असणार.

तासभर झाला. दुभाषी पोरीचा आवाज बसत चालला होता. दोन्हीकडचं तिलाच बोलायचं होतं, माझंही आणि त्यांचंही. बाटली तिच्या पुढ्यातच होती, पण तिला उसंत नव्हती. मी हळूच म्हणालो, "पोरी, दोन घोट पाणी पी आधी. मग सांग त्यांना."

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि सरळ आवाजात ते सगळं इंग्रजीत सांगितलं. पोरी, पाणी पी, हेसुद्धा. यंत्रवाल्या बाईनं तेही टिपलं. सुनेच्या वकील बाई म्हणाल्या की सूचना चांगली आहे, पाच मिनिटं थांबू. सगळे हसले, मुलगासुद्धा. मी ओशाळलो. बजावलेलं होतं, पण समोर आपल्या भाषेतलं माणूस बसलेलं असताना त्याला माणूस न समजता बोलायचं कसं, ते मला जमत नव्हतं. एसटीत कंडक्टरशी भांडलो तरी चहा दोघांचा मागवायचो.

सुट्टीत सून आणि मी कॉफीच्या यंत्रापाशी समोरासमोर आलो. तिनं कप पुढं केला, त्यात साखर टाकली नव्हती. मी एवढंच विचारलं, "पोट्टी काय म्हणते?"

"दात पडला वरचा. तुम्हाला दाखवायचा म्हणून ठेवलाय डबीत."

तेवढ्यात तिच्या वकील बाई आल्या आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या भिंतींना टेकलो.

परत बसल्यावर प्रश्न बदलले.

"रोज संध्याकाळी तुम्ही भारतात व्हिडिओ कॉल करता?"

"हो."

"कोणाला?"

"धाकट्या भावाला."

जेवणं झाली की इकडं अंधार पडायला लागतो, तेव्हा तिकडं उजाडतं. भाऊ फोन हातात धरून गल्लीतून चालतो. बोलत फारसा नाही, नुसता दाखवत जातो. हापशी, पारावर घोंगडी पांघरून बसलेले दोघं-तिघं, स्टँडवर लागलेली पहिली गाडी. नात माझ्या मांडीवर बसून बघते. तिला सगळी गल्ली पाठ आहे. "आजोबा, व्हेअर इज द वन-इअर गोट?" असं ती एका कानाच्या बकरीचं विचारते आणि भाऊ तिकडून ओरडतो, "हे पाय माय, तुही बकरी!" त्याला इंग्रजी येत नाही. तिचं सगळं समजतं त्याला.

"मुलगी आईकडे असते त्या आठवड्यातही कॉल करता?"

"हो."

"तुम्ही अमेरिकेतच राहणार आहात का? मुलगी मोठी होईपर्यंत?"

हा तो प्रश्न होता. मुलगा माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "हो."

दुभाषी पोरीनं यस म्हटलं. यंत्रावर बोटं पडली. झालं, मला वाटलं. गाडी डेपोत लागली.

वकील बाईंनी चष्मा काढला, साखळीला सोडला. सुनेनं टेबलाखालून त्यांची बाही ओढल्यासारखं केलं, पण त्यांनी विचारलंच. "कॉल संपल्यावर फोन बंद होतो. त्यानंतर तुम्ही तो फोन तसाच हातात धरून किती वेळ बसता?"

मुलाच्या वकिलानं लगेच ऑब्जेक्शन म्हटलं. मला वाटलं, सुटलो. पण दुभाषी पोरीनं सांगितलं की हरकत नोंदली गेली, तरी उत्तर द्यायचं आहे. हरकत घ्यायची आणि उत्तरही द्यायचं, हा इथला न्याय मला अजून समजलेला नाही.

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. ते शिकवलेलं होतं. पण हा प्रश्न वकील बाईंचा नव्हता. त्या कधी आमच्या घरी आल्या नाहीत. हे पाहिलेलं होतं सुनेनं. घरात होती तेव्हा भांडी आवरताना, ओट्यापासून. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्याकडं कोणाचं लक्ष नाही, आणि माझं गुपित माझ्यापाशी आहे.

मी दुभाषी पोरीकडं वळलो. ती बाटलीचं झाकण लावत होती. घरात मुलगा घाईत असतो, नात इंग्रजीत बोलते. या पोरीनं सकाळपासून माझा एकेक शब्द धरून ठेवला होता, एकही खाली पडू दिला नव्हता. मी तिलाच म्हणालो, खालच्या आवाजात, जसं बाकावर शेजारच्याला सांगावं तसं:

"खरं सांगू का पोरी, फोन बंद झाला की गल्ली जाते. मग मी थोडा वेळ तिथंच उभा राहतो. नाक्यावर जायचं म्हटलं तर आमच्याकडं अर्धा घंटा लागतो, अंतर मोठं नाही, पण दहा जण विचारतात, कुठं निघाले भाऊ. आपण म्हणतो, कुठं नाही, इथंच. त्यांनाही माहीत असतं इथंच. तरी विचारतात. इथं मी रोज फिरायला जातो, कोणी विचारत नाही. मेलो तर माझी माती त्या हापशीच्या पलीकडं व्हावी, बायकोची झाली तिथं. पोरीला सोडून जाववत नाही आणि इथं राहवत नाही. पोराला बोललो नाही कधी. त्याला वाटेल बाप रडतो."

बोलून झालं तेव्हा मला दिसलं की तिचा हात झाकणावरच थांबलाय. मग मला आठवलं, तिनं काय बजावलं होतं ते.

"हे नको सांगू," मी म्हणालो.

ती पुढं झाली, ताठ बसली आणि सांगू लागली. दुभाषे साक्षीदाराचं बोलणं "तो म्हणतो" असं सांगत नाहीत, ते स्वतःच तो माणूस होतात. मला नातीशी बोलण्यापुरतंच इंग्रजी येतं, पण "आय" कळतो. आय, माय वाइफ, माय सन. माझं म्हातारपण त्या तरण्या पोरीच्या आवाजात टेबलावरून पुढं सरकत गेलं. शेवटी ती म्हणाली, "डोन्ट टेल धिस." तेही नोंदलं गेलं.

वकील बाईंनी चष्मा परत घातला नाही. आणखी प्रश्न नाहीत म्हणाल्या. मुलाच्या वकिलानं काहीतरी सावरायला दोन प्रश्न केले, मी हो-नाही म्हटलं. सुनेनं रुमाल काढला आणि नुसताच घडी करत बसली.

परतताना गाडी मुलगा चालवत होता. सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना, मागच्यानं हॉर्न दिला. या देशात मी हॉर्न फार कमी वेळा ऐकलाय.

"चल ना बापा," मी म्हणालो.

"चार शब्द सांगितले होते बाबा तुम्हाला."

"हो."

"चारच."

"तुझ्या वकिलाला म्हणावं, माणसाजवळ चारापेक्षा जास्त असतात."

त्याला हसू येईल असं मला वाटलं होतं. त्यानं गाडी कडेला घेतली, एका किराणा दुकानासमोर, आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मी ड्रायव्हर माणूस, स्टेअरिंगवर डोकं टेकलेलं मला बघवत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो लहान होता तेव्हाही मी असा हात फार ठेवला नव्हता. ड्युटीवरून यायचो तेव्हा तो झोपलेला असायचा.

"मला वाटायचं, तुम्हाला इथं बरं वाटतं," तो म्हणाला. "तुम्हीच सगळ्यांना सांगता."

"सांगतो."

कोर्टात उभं राहायची वेळ आलीच नाही. वकिलांनी मध्ये बसून लिहून घेतलं: पोरगी आईसोबत सनीव्हेलला जाईल, उन्हाळ्याची आणि नाताळची सुट्टी इथं. माझ्या बोलण्यामुळं असं झालं का, हे मी मुलाच्या वकिलाला विचारायला लावलं. तो म्हणाला, एकाच कारणानं असं होत नसतं. हे उत्तरही त्यानं कोणाकडून तरी पढल्यासारखं दिलं.  

उन्हाळ्याची सुट्टी संपत आली तशी सून पोरीला घेऊन निरोपाला आली. या वेळी गाडीतून उतरली. पोरीनं डबीतला तो दात मला पुन्हा दाखवला. भाताच्या शितासारखा होता. मी म्हणालो, आमच्याकडं दात छपरावर टाकतात. ती म्हणाली, "नो आजोबा, मॉम सेज इट्स माइन."

सून दारातच थांबली होती. "बाबा, तो प्रश्न मीच..." तिनं सुरुवात केली.

"माझ्या बोलण्याचं माझ्यापाशी राहू दे," मी म्हणालो. "तू जप स्वतःला. वाळलीस फार."

तिनं वाकून नमस्कार केला. आमच्यात आता कोणतं नातं उरलं होतं ते ना तिला माहीत होतं ना मला. पण डोक्यावर हात ठेवायचा तो मी ठेवला.

पोरीनं माझं बोट धरून पार्किंगपर्यंत नेलं. "यू कॅन कम विथ अस. देअर इज अ ट्रेन." मग थांबून म्हणाली, "मॉम सेज यू आर गोइंग टु द गोट्स."

"कोण म्हणतं?"

"यू सेड इट. टु द लॉयर्स."

गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून तिचा हात दिसत होता, की तिच्या बाहुलीचा, ते मला नीट कळलं नाही. चष्मा घरात राहिला होता.

त्यानंतर घर एवढं मोठं झालं की फ्रीजचा आवाज दोन्ही खोल्यांत यायचा. आठवड्यानं मुलानं जेवताना सांगितलं, "बाबा, तुमचं तिकीट काढलंय. पुढच्या महिन्याचं. काका नागपूरला घ्यायला येतील."

मी घास खाली ठेवला. इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला मी कान लावून बसलो होतो, स्वतःलाही न सांगता. आता ते आलं, आणि समोर तो बसला होता, ताटात वरण ओतून तसाच, दाढी वाढलेली.

"कॅन्सल कर," मी म्हणालो.

"तुम्ही शपथेवर सांगितलंय, बाबा."

"जावंसं वाटतं, असं सांगितलं. खरंच आहे ते. उद्या विचारलं तरी तेच सांगीन."

"मग आता काय?"

"तू एकटा इथं बसून काय खाशील? पिझ्झा?"

"मला उपकार नकोत तुमचे. माझ्यासाठी राहिलो, असं पार्कात सांगायला अजून एक कारण नको."

हे मला लागलं. त्याला लागेल असं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "उपकार नाहीत. हट्ट आहे माझा."

"हट्ट मीही कोणाकडून घेतला, कळलं का?" असं म्हणून तो उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि फोनवर बोटं फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "कॅन्सल केलं तर सगळं बुडतं. तारीख पुढं ढकलतो. हिवाळ्यातली."

हिवाळ्यात आमच्याकडं तुरीच्या शेंगा भरतात, शेतातच मडक्यात उकडून खातात, मीठ घालून. हात काळे होतात आणि दिवसभर वास जात नाही. आणि इथं त्याच दिवसांत नाताळची सुट्टी लागते, पोरगी येणार. तिचा खालचाही एक दात हलतोय म्हणे.

मुलानं तारीख बदलली. कोणती घेतली ते त्यानं सांगितलं नाही, आणि मीही अजून विचारलेलं नाही.